गमबूट घालून तिसरं चॅनेल

जोम-रे : ताई, गिटारचा आवाज बदलणारी ती लाल पेटी घे. स्टेजवर उठून दिसेल.

ओक-बुन : मला ती मिरवायची नाही, पायाखाली घालायची आहे. मालक, तुम्ही हिच्याकडे लक्ष देऊ नका. आमच्या बँडमध्ये ही ड्रम बडवते आणि बाजारात सुकी मासळी विकते. दोन्हीकडे आवाज मोठा, वजन कमी.

ग्यू-चोल : असू दे मावशी. आधी मला सांगा, गिटारचा ॲम्प कोणता आहे तुमच्याकडे?

ओक-बुन : काळा आणि जड. बाजार मंडळाचा आहे, उचलायला आम्ही चौघी लागतो.

ग्यू-चोल : चॅनेल किती आहेत त्याला?

ओक-बुन : तीन. पहिलं साधं, सकाळी उठून शेजारणीशी बोलावं तसं. दुसरं जरा खरखरीत. आणि तिसरं म्हणजे लिलावात चांगला बांगडा समोर आला की मी ओरडते ना, ते.

जोम-रे : तो आवाज अख्ख्या बुसान बंदराला माहीत आहे, मालक.

ग्यू-चोल : आणि सूर घुमवायला, लांबवायला काय वापरता?

ओक-बुन : एक निळी चौकोनी पेटी. जावयाची जुनी. चार बटणं आहेत तिला.

ग्यू-चोल : म्हणजे चॅनेल बदलायला ॲम्पचं पायबटण वेगळं, आणि इफेक्टला ही पेटी वेगळी. एकाच क्षणी दोन ठिकाणी पाय द्यायचा.

ओक-बुन : तेच तर दुखणं आहे. आमच्या शेवटच्या गाण्यात माझा एकटीचा तुकडा आहे. त्याच्या आधी डाव्या पायाने ॲम्प तिसऱ्यावर न्यायचा, उजव्याने पेटीचं दुसरं बटण दाबायचं आणि हाताने गिटार वाजवायची. वय अठ्ठावन्न.

जोम-रे : आणि तोंडाने हसायचं. फोटो काढतात ना.

ग्यू-चोल : मग ही बघा. आमच्या दुकानातली सगळ्यांत भारी पेटी. हिच्या आतच शंभर ॲम्पचे आवाज आहेत.

ओक-बुन : शंभर? मालक, माझ्याकडे तीन आहेत तेच मला ऐकत नाहीत.

ग्यू-चोल : तुमचं बरोबर आहे. खरं सांगू का, तुमच्या ॲम्पला स्वतःचा गळा आहे. त्यात आणखी पेटीतला ॲम्प घातला तर दोघं एकाच वेळी बोलतात आणि कुणाचंच धड कळत नाही. ते शंभर आवाज आपण बंद ठेवू. पण हिच्या मागे एक भोक आहे. तिथून एक वायर ॲम्पला गेली की पेटीचं एक बटण दाबल्यावर आवाजही घुमतो आणि चॅनेलही बदलतं. एकच पाय, एकदाच.

ओक-बुन : एकदाच?

ग्यू-चोल : एकदाच. या ॲम्पला लावून दाखवतो. हाही तीन चॅनेलचाच आहे.

जोम-रे : ताई, पण एवढं सगळं शनिवारच्या उत्सवापर्यंत तुझ्या अंगवळणी पडेल का? आज मंगळवार.

ओक-बुन : का नाही पडणार?

जोम-रे : नाही, मी म्हणते, समजा नाहीच पडलं तर...

ओक-बुन : जोम-रे, तुझ्या पोटात काहीतरी आहे. सकाळपासून तू मला दोनदा कॉफी पाजलीस. गेल्या सहा वर्षांत एकदा पाजली नव्हतीस.

जोम-रे : रागावू नकोस. काल मंडळात बोलणं झालं. उत्सवाला या वर्षी बाहेरचे पाहुणे आहेत. तर अध्यक्ष म्हणाले, तो तुकडा कुणाकडून तरी नीट वाजवून मोबाईलवर घेऊन ठेवा. तेवढा वेळ स्पीकरवर तो लावायचा. तू नुसती हातात गिटार धरून उभी राहा.

ओक-बुन : आणि तू काय म्हणालीस?

जोम-रे : मी म्हणाले, भाच्याकडून वाजवून घेते.

ओक-बुन : वा. छान.

जोम-रे : ताई, मी तुझ्यासाठीच केलं. गेल्या वर्षी तू स्टेजवरून उतरलीस तेव्हाचं तुझं तोंड मला परत बघायचं नाहीये.

ग्यू-चोल : गेल्या वर्षी काय झालं होतं, मावशी? मशीन निवडायला उपयोगी पडेल म्हणून विचारतो.

ओक-बुन : मी विसरले. दुसरं काय होणार? तालमीत तो तुकडा मी शंभरदा वाजवला, एकदाही चुकले नाही. स्टेजवर गेले, समोर अख्खा बाजार, पाय दाबला, सुरुवात केली, आणि काहीच नाही. चिडीचूप. गाणं संपेस्तोवर चिडीचूप. लोकांनी टाळ्या वाजवल्या बिचाऱ्यांनी. तेच जास्त लागलं. तेव्हापासून सगळ्या म्हणतात, ताईची बोटं घाबरली. मी पण तेच म्हणते. वर्षभर प्रत्येकीची माफी मागून झाली माझी.

ग्यू-चोल : वायर वगैरे निघाली होती का?

ओक-बुन : वायर जागेवर होती, दिवे लागलेले होते. सगळं जागेवर होतं, मीच नव्हते.

ग्यू-चोल : बरं. ही घ्या गिटार. तोच तुकडा वाजवा. मधून बटण दाबा, हे दुसरं.

ओक-बुन : गमबूट काढू का? सकाळच्या लिलावावरून तशीच आले. तुमची फरशी खराब होईल.

ग्यू-चोल : फरशी पुसता येते. वाजवा.

(ओक-बुन वाजवू लागते. साधे सूर छान लागतात. ती गमबुटाने बटण दाबते आणि ॲम्प एकदम गप्प होतो.)

जोम-रे : अगं बाई. तेच.

ओक-बुन : बघितलंत? पुन्हा. हे मशीनचं काम नाही मालक, माझंच डोकं गेलंय. काढून घ्या ही गिटार. जोम-रे, भाच्याला सांग वाजव म्हणावं.

ग्यू-चोल : मावशी, हलू नका. पाय तसाच ठेवा.

ओक-बुन : का? काय मोडलं?

ग्यू-चोल : काही मोडलं नाही. खाली बघा. तुमचा गमबूट किती बटणांवर आहे?

ओक-बुन : एका... नाही. दोन.

ग्यू-चोल : दोन बटणं एकदम दाबली की पेटीला वाटतं, तुम्हाला तारा जुळवायच्या आहेत. तारा जुळवतानाची कुरकुर लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज बंद करते. ही काचेवरची सुई बघा. पुन्हा दाबेपर्यंत बंदच राहणार. तुमची ती निळी पेटी मला माहीत आहे. तिचंही असंच आहे, आणि तिची बटणं तर याहून जवळजवळ आहेत.

ओक-बुन : असं कसं? तालमीत कधी नाही झालं असं.

ग्यू-चोल : तालमीला पायात काय असतं तुमच्या?

ओक-बुन : पायात? मंडळाची खोली वरच्या मजल्यावर आहे, उबदार जमिनीची. तिथे पादत्राणं दारातच काढतात. मोजे.

जोम-रे : आणि स्टेजवर गमबूट. ताई, आपल्या बँडचं नावच गमबूट आहे.

ग्यू-चोल : म्हणजे मोज्यांवर तालीम आणि गमबुटात कार्यक्रम.

ओक-बुन : थांबा जरा. मला बसू दे.

जोम-रे : ताई, एक सांगू? मी त्या दिवशी तुझ्या मागेच होते ना. तुझी बोटं चालत होती. मी बघत होते. सगळी वर-खाली जात होती. मला वाटलं, आता काही आठवत नाही म्हणून लोकांना दाखवायला नुसतीच हलवतेयस.

ओक-बुन : चालत होती?

जोम-रे : शेवटपर्यंत.

ओक-बुन : मग हे तू मला वर्षभरात का नाही सांगितलंस, बये?

जोम-रे : तुला वाईट वाटेल म्हणून.

ओक-बुन : मालक, बघा हिची माया. ही असताना मला वैरीण कशाला पाहिजे? वर्षभर मी रात्री अंथरुणात मांडीवर बोटं चालवून बघायचे, कुठे विसरले म्हणून. नवरा विचारायचा, खाज येते का.

ग्यू-चोल : विसरला नव्हतात मावशी. ऐकूच गेलं नाही, एवढंच.

ओक-बुन : हं. आता ही भारी पेटी आत ठेवा. शंभर ॲम्प तिच्यापाशीच राहू देत. वायरचं भोक असलेली, पण बटणं लांब लांब असलेली दाखवा. माझा पाय बघून दाखवा.

ग्यू-चोल : ही घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण दोन बटणांत वीतभर अंतर आहे. आणि तारा जुळवायचं ते दोन बटणांचं काम हिच्यात कायमचं बंद करून ठेवता येतं. मी आत्ताच करतो. सगळी गाणी तुमच्या क्रमाने भरून देतो, म्हणजे उजवीकडचं एकच बटण. दाबलं की पुढचा आवाज, परत दाबलं की त्याच्या पुढचा. तिसरं चॅनेल जिथे हवं तिथे आपोआप येईल. आणि उद्यापासून तालीम गमबुटात.

जोम-रे : त्या खोलीत? तिथली झाडलोट करणारी म्हातारी आपल्याला झाडूने हाणेल.

ओक-बुन : नवे गमबूट घेऊ, कोरे. तिला आधी हुंगायला देऊ.

जोम-रे : भाच्याला मी आत्ता फोन करते. म्हणते, राहू दे. आणि बाजारात सगळ्यांना सांगते की ताईची चूक नव्हती. अध्यक्षांना तर आधी.

ओक-बुन : भाच्याला सांग. अध्यक्षांना एवढंच सांग, मोबाईल खिशात ठेवा म्हणावं. बाकी कुणाला नको.

जोम-रे : का नको? वर्षभर सगळे तुला हसले.

ओक-बुन : वर्षभराने चूक बुटावर ढकलतेय म्हणतील. शनिवारी ऐकू देत ना.

जोम-रे : ताई, माझ्यावर चिडलीस?

ओक-बुन : चिडले तर तुझ्याहून बरी ड्रमवाली कुठून आणू? चिडूनही तूच. ती काडी घे आणि त्या खोक्यावर ठेका धर. सावकाश.

ग्यू-चोल : वायर लावली, मावशी. तयार आहे. गाणं पहिल्यापासून घेता?

ओक-बुन : नाही. बंद पडलं होतं तिथून.