कृतिकाची हजेरी

घोडबंदर रोडवर बस अडकली आणि ऑनलाइन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या तुळपुळे सरांना पुढच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं ऐकण्यावाचून इलाज उरला नाही.

"शैलाताई, तुमची कृतिका नोकरी सांभाळून कॉलेज कसं करते हो?"

"ऑनलाइन. ती ऑफिसात असते, म्हणून तिच्या नावाने मीच बसते. कॅमेरा बंद."

"अगंबाई. सुनेच्या जागी सासू? आणि सरांनी काही विचारलं तर?"

"आवाज बारीक काढून सांगते की. परवा विचारलं, भाव का चढतो-उतरतो. म्हटलं, दसऱ्याचा झेंडू कल्याणच्या बाजारात सकाळी घ्या नि दिवेलागणीला घ्या, आपोआप कळेल."

"मग?"

"म्हणाले, कृतिका, अख्ख्या वर्गात तुझंच लक्ष असतं."

ह्याच कृतिकाचं कौतुक सरांनी स्टाफरूममध्ये चारचौघांत केलं होतं.

"पण परीक्षा?"

"ती तीच देणार. रात्री पोळ्या लाटताना मी तिला सगळं शिकवते. सरांपेक्षा बरं समजतं म्हणते."

"सर कसे आहेत?"

"माणूस चांगला आहे गं. फक्त एकच गोष्ट तीनदा सांगतात. तेवढ्यात माझी मेथी निवडून होते."

मानपाड्याला उतरताना सर त्यांच्या सीटपाशी थांबले.

"उद्या अकराला वर्ग आहे, कृतिका. उद्या. अकराला आहे."

शैलाताईंनी आवाज ओळखला. पदर सावरला आणि बारीक आवाजात म्हणाल्या,

"हो सर. उद्या गवार आहे, जरा सावकाश शिकवा."