कच्चे टाके

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मी डोळे मिटून बसले होते. शेजारी नणंद-भावजया बोलत होत्या.

"वहिनी, त्या उडत्या राक्षसांच्या मालिकेचे कपडे अजून तुम्हीच शिवता?"

"हो ना. राणीचे झगे मुद्दाम कच्च्या टाक्यांनी. राजानं ओढला की टर्रकन फाटला पाहिजे."

"दर भागात?"

"लेखक म्हणतो, त्या काळी असंच चालायचं."

"कुठल्या काळी? राक्षस उडायचे तेव्हा?"

"म्हणूनच परवा मी दुहेरी शिलाई मारली. राजानं तीनदा ओढला, फाटेना."

"अगं बाई! काम गेलं असतं की हातचं!"

"जाईना का! शेवटी घामाघूम होऊन त्यानं राणीलाच विचारलं, 'काढू का?'"

"मग?"

"ती म्हणाली, 'नको.' बारा भागांत हा शब्द तिला कुणी लिहूनच दिला नव्हता."