उत्तम सरांचं कनेक्शन

नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कुठल्याशा ऑफिसातली दोघं बसलेली, एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या मांडीवर लॅपटॉप.

"समीक्षा, कोलशेतच्या ऑफिसचा सर्व्हर मला आत घेत नाहीये. एका वेळी दोघंच चालतात, आणि दोघं आधीच आत आहेत म्हणतोय."

"कोण दोघं?"

"एक तू. दुसरे उत्तम सर."

"सर? ते तर सोमवारपासून इथे आत आहेत."

"त्यांचं नाव अजून कनेक्टेड दाखवतंय. लॉग आउट केलंच नसणार."

"ते कधीच करत नाहीत रे. नुसता लॅपटॉप मिटून ठेवतात. मी एकदा विचारलेलं. म्हणाले, घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो."

"धन्य आहे. मग काढू त्यांना? एका क्लिकचं काम आहे."

"विनीत, थांब."

"अगं, नुसतं अडकून राहिलेलं कनेक्शन आहे ते. पलीकडे कोणी नाही."

"माहितीये."

"मग? तिकडे सगळे खोळंबलेत."

आयसीयूचं दार उघडलं. नर्सने दुसऱ्याच कुणाच्या तरी नातेवाइकांना हाक मारली.

"माझं काढ. सरांचं राहू दे."