तंदूरशेजारी ऐकलेली गोरी गायिका

नाही जयप्रकाशराव, निरोपाच्या दिवशीसुद्धा मला ते पटलेलं नाही. त्या बाईनं मला फसवलं, आणि तुम्ही तिचीच बाजू घेतलीत!

असो, आधी रीत पाळतो. मंडळाच्या अध्यक्षा माननीय सुलेखाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते बँकेचे जयप्रकाशराव आणि उल्कावहिनी, निशी-कसाई आणि कोतो या भागांतले माझे बंधुभगिनी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले आमच्या हॉटेलचे मालक रविकांतशेठ. मी नंदू. तुमच्यातले बरेच जण मला पगडीतच ओळखतात, म्हणून नाव सांगितलं. शाळा सातवीपर्यंत. एवढ्या इंजिनिअरांनंतर माइक माझ्याकडे आला, तो वहिनींच्या हट्टामुळे.

भांडण काय? दुपारची गिऱ्हाइकं गेली की हॉटेल संध्याकाळपर्यंत बंद. रविवारी त्या वेळात मी सायकल हाणत ओजिमाला या जयप्रकाशरावांच्या घरी जायचो. गॅलऱ्यांमध्ये गाद्या वाळत असायच्या. वहिनी पोहे द्यायच्या आणि हे तबकडी लावायचे. आवाज बारीक, कारण खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी वर येऊन, वाकून वाकून माफी मागत तक्रार करायच्या. तबकड्या अमेरिकेतल्या, काळ्या लोकांची गाणी काढणाऱ्या एका कंपनीच्या. त्या गाण्यांना सोल म्हणतात. शब्द मला कळत नसत. पण दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबून आलेलं माणूस कसं गातं, ते कळायला इंग्रजी कशाला हवं?

त्यातली एक बाई मला फार भावली. यांनी तिची गाणी मिनिडिस्कवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या चकतीवर, भरून दिली, आणि अख्खा हिवाळा मी ती तंदूरशेजारी ऐकत होतो. मग एकदा तबकडीचं कव्हर हातात आलं. वर नुसतं रिकाम्या खुर्चीचं चित्र. आत फोटो. बाई गोरी! केस सोनेरी!

"ही इथे काय करतेय?" मी ओरडलो. "काळ्या बायकांना आधीच कुणी उभं करत नव्हतं, त्यात हिनं एक जागा अडवली!"

हे शांतपणे म्हणाले, "नंद्या, तू कुठला रे?"

"इचलकरंजीचा."

"मग पगडी घालून पंजाबी नान कोण विकतं? कुणाचं पोट दुखलं का?"

वहिनी हसल्या. मी बशी ठेवली आणि निघालो. पुढचे काही रविवार तिकडे फिरकलोच नाही.

खरं सांगू का? झोंबलं ते वेगळ्याच कारणानं. मला तंदूर शिकवला अमरीक सिंग उस्तादांनी, इथेच, शेठच्या हॉटेलात. त्यांची पगडी खरी. माझी तयार मिळते, मागे चिकटपट्टीवाली. उस्तादांचा हात भाजला, बोटं वळेनात. ते जालंदरला परत गेले आणि त्यांच्या जागी मी उभा राहिलो. गिऱ्हाइकांना फरकसुद्धा कळला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी न राहवून ओजिमाला गेलो. यांनी तीच तबकडी लावली. म्हणाले, "आता तिला सोड. मागचं ऐक." मागे काळ्या बायका सूर धरून होत्या. "त्यांनी तिला आपल्यात घेतलंय. पण निदान त्यांचं नाव तरी तिनं घ्यायला हवं."

"घेतलं का?"

"मला ठाऊक नाही."

"मग भांडण मिटलं नाही."

"मिटवू नकोस."

आता गुरुवारी हे मुंबईला जाणार. मी भांडायचं कुणाशी? मी काही एका जागी टिकणारा माणूस नाही. मुंबईत किती हॉटेलं सोडली, सांगत बसत नाही. इथूनही ओसाकाला पळायचा बेत होता. यांच्या रविवारांनी अडवून धरलं. आणि आता शेठ कोतोत दुसरं हॉटेल काढतायत. तंदूर माझ्याकडे, आणि पाटीवर माझा पगडीतला फोटो. त्यांना आज उत्तर हवंय.

शेठ, सगळ्यांसमोर देतो. तंदूर मी सांभाळतो, ओसाका रद्द. पण फोटो नको. पाटीवर अमरीक सिंग उस्तादांचं नाव लावा. नाहीतर दुसरा माणूस बघा. ...मान हलवलीत ती हो म्हणून ना? टाळ्या वाजवा मंडळी, म्हणजे त्यांना फिरता येणार नाही!

जयप्रकाशराव, गाणं ऐकायला शिकवलंत, वहिनी, पोटभर खाऊ घातलंत. दोघांचे आणि या सभेचे मनापासून आभार. बोलण्यात तिखट जास्त झालं असेल तर आचाऱ्याचा हात म्हणून पोटात घाला. आणि उद्या पगार. पोस्ट उघडलं की जालंदरला, उस्तादांच्या नावानं पहिल्यांदाच पाठवतोय: तीस हजार येन.