विरुद्ध पक्षाचा मोतीबिंदू

...आणि वर वकीलबाई मलाच म्हणतात, "काका, विरुद्ध पक्षाशी बोलायचं नाही!" विरुद्ध पक्ष कोण? तर माझे व्याही! अहो, मुलीला आणि जावयाला वेगळं व्हायचंय, वाईट वाटलं, चार दिवस घास उतरला नाही, पण ती दोघं शहाणी आहेत, त्यांचं त्यांनी ठरवलं... माझं आणि व्याह्यांचं कुठे बिनसलं होतं?

तुम्हाला सांगतो, सात वर्षं रोज संध्याकाळी आमचं शब्दकोडं! त्यांना मोतीबिंदू, म्हणून मी वाचायचं, त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, आणि त्यांनी विचारायचं, "वेलांटी दुसरी काढलीत ना?" जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली ना! आमची नोटीस गेली, तर या गृहस्थांनी भिंग लावून तिच्यातल्या अकरा चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली! वकीलबाई भडकल्या. "काका, हा विरुद्ध पक्षाचा डाव आहे!" डाव कसला, ऱ्हस्व-दीर्घ आहे बाई!

मग करारनामा आला. घर कोणाकडे, गाडी कोणाकडे, कुत्रा कुठल्या शनिवारी कोणाकडे... मी म्हटलं, "बाई, आणि व्याही कोणाकडे?" तर म्हणतात, "काका, ते नातंच संपतं." संपतं? कुत्र्याला तारखा, आणि मला काहीच नाही? मुलगी शेजारीच होती. डोळे पुसत हसली, "बाबा, सॉरी हं."

सोमवारी निकाल लागला. मंगळवारी सकाळी सातला फोन. "आज डोळ्याचं ऑपरेशन. मुलगा परगावी अडकलाय, सोबत कोणीतरी हवं म्हणतात... विरुद्ध पक्षाला वेळ आहे का?" शर्टाची बटणं मी जिन्यात लावली हो!

दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे सरकवला. "पेशंटशी नातं?" माझं पेन अडलं. कालपर्यंत व्याही होतो! म्हटलं, मित्र लिहू? "मित्र नको आजोबा, नातं लिहा." तुम्हाला सांगतो, फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. रागारागात लिहून टाकलं. नर्सने मोठ्याने वाचलं, "विरुद्ध पक्ष?"

तर पडद्याआडून, डोळ्यांत थेंब, डोक्यावर हिरवी टोपी, आमचे हे ओरडतात, "अहो, 'विरुद्ध'चा द्ध नीट काढलात ना?"

कोर्टाने सगळ्यांना मोकळं केलं हो... मला कोण करणार!