विष्णुक्रांतेचं पाणी

निशा : हे गवत घेऊन बोरगावहून आलात, आप्पा? बसमध्ये, मांडीवर पिशवी ठेवून?

आप्पा : गवत न्हवं गं, विष्णुक्रांता. आपल्या माळावरची. मुरमात पसरती, उन्हात जगती.

निशा : पण मी लॉन सांगितलंय. रविवारी माणूस येणार आहे.

आप्पा : लॉनला नवरदेवावानी रोज आंघोळ पायजे. टिळकवाडीत तुमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतंय?

निशा : येतं चार-पाच दिवसांनी.

आप्पा : मग! हिला महिनाभर तांब्यानं पाणी घाल, आणि मग इसरून जा. नखाएवढी निळी फुलं येतील. लाड केलास तर कुजती.

निशा : आणि गेटापाशी ते काय टाकलंत?

आप्पा : लावून उरलेली रोपं. जीव हाय, कचऱ्यात कशी टाकू?

निशा : बरं. तीनची बस चुकेल हं, आप्पा. मला मीटिंग आहे, रिक्षा बोलावते.

आप्पा : बोलव. दिवस बुडायच्या आत अंथऊ, सांजचं जेवण, व्हायला पायजे, त्यानंतर मी जेवत न्हाय. लॉनवाल्याला नको म्हणून सांगशील न्हवं?

निशा : बघू.

(दोन महिन्यांनी, त्याच अंगणात.)

आई : विष्णुक्रांतेला रोज पाणी घालतीस व्हय गं?

निशा : सकाळ-संध्याकाळ. लॉन रद्द केलं, टँकर मागवला, पण वाळू दिलं नाही. इथं लावून परतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच आप्पा वारले. त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय माझ्याकडं.

आई : वाळलं न्हाई, कुजलंय. हे बघ, मूळ हातात आलं.

निशा : विसरून जा म्हणाले होते. मला जमलं नाही.

आई : आणि गेटापाशी निळं निळं काय दिसतंय?

निशा : कुठं? ... अगं, ती उरलेली रोपं.

आई : तिथं कोण पाणी घालत होतं?

निशा : कुणीच नाही.

आई : मग त्यातलीच दोन लाव हितं. रडू नको, लेकी. कुजलं तर कुजलं.

निशा : त्याचं नाही गं. त्या दिवशी बसची आठवण मीच करून दिली. घरात पीठ होतं, वांगी होती. पाचला भाकरी टाकली असती तर जेवून राहिले असते. एकदा म्हणायचं होतं फक्त.

आई : मग आता म्हण. मला न्हवं, त्यास्नी. रोप लावता लावता म्हण.

निशा : आप्पा... आज राहा. दिवस आहे तोवर भाकरी टाकते.