अख्खे दाणे

अगं, माझ्याच फ्लॅटमध्ये, माझ्याच पातेल्यापुढे उभं राहून निखिल मला म्हणतो, "वहिनी, तुम्ही यात पडू नका, ही केमिस्ट्री आहे."

निखिल म्हणजे ह्यांच्या ऑफिसातला. रविवारी वुडलँड्सला आमच्या फ्लॅटवर आला, कारण दोघांना घरी बिअर करायची होती. मोड आणून वाळवलेली बार्ली त्यांनी श्रीखंडाच्या फडक्यात बांधली आणि गरम पाण्यात सोडली. तासाभरात पाणी गोड व्हायला हवं होतं. इकडे बाळ रांगतंय आणि ते पातेलं बघून माझा जीव टांगणीला.

दीड तास झाला तरी पाणी आपलं बेचवच. निखिल मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, हे थर्मामीटर झटकत राहिले. शेवटी मीच फडकं उघडलं, तर आत अख्खे दाणे!

"अहो, भरडलं नाहीत?"

"भरडायचं कशाला? मोड आणलेलेच आहेत."

"मग बाळाच्या सत्त्वाची नाचणी मी मोड आणून वर दळते कशाला?"

माझी शाळा सातवीत सुटली, हे निखिलला ठाऊक. तो हसला. "वहिनी, सातवीत एन्झाइम नसतात हो."

"नसतील. पण तुमचे सालाच्या आत कोंडलेत, त्यांना बाहेर कोण काढणार?"

मी कुणाला विचारलं नाही. पिशवीत उरलेली बार्ली मिक्सरमध्ये भरडली आणि नव्या गरम पाण्यात घातली. तासाभरानं दोघं चमचे चाटत उभे!

"वहिनी, एवढी खात्री कशी होती तुम्हाला?"

म्हटलं, "तुमचं चुकलं तर बिअर बिघडते. माझं चुकलं तर पोराचं पोट बिघडतं."